गॅस कोणता आणि किती ग्रॅम?

गुढीपाडवा उलटला की दिलसुखनगरच्या हमरस्त्यावर दोन प्रकारच्या पाट्या एकदम वाढतात. एक उन्हाळी वर्गांच्या आणि दुसऱ्या 'कार एसी गॅस चार्जिंग' अशा. पहिल्या प्रकारच्या पाट्यांवर पुष्कळ काही लिहिलेले असते. विषय, तास, फी, मागील वर्षीच्या यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे. दुसऱ्या पाटीवर या चार शब्दांखेरीज काही नसते. फार तर एखादी रक्कम. कोणता गॅस, किती, कोणत्या गाडीसाठी, याचा उच्चार पाटीवर नाही, गॅरेजात नाही आणि शेवटी हातात पडणाऱ्या पावतीवरही नाही. माझे म्हणणे असे की हा उच्चार झालाच पाहिजे. वायूचे नाव आणि ग्रॅममधील वजन पावतीवर असल्याखेरीज ग्राहकाने पैसे देऊ नयेत, आणि गॅरेजवाल्यानेही ते मागू नयेत.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या एसीवर का लिहावे, असे कोणी विचारील. विषय यंत्रशास्त्राचा आहे हे खरे. परंतु तो तितकाच खरेदी-विक्रीचाही आहे. शिवाय आमच्या घरचा चरितार्थ टॅक्सीवर चालतो. आमचे मूळ गाव भालकी तालुक्यात. घरात मराठी, शेजारी कन्नड, रस्त्यावर तेलुगू आणि गॅरेजात दक्खनी, अशा चार भाषांत आमचा दिवस जातो. मामा गाडी चालवतात आणि गाडीची जमाखर्चाची वही मी ठेवतो. त्या वहीत २०२४ च्या उन्हाळ्यातील तीन नोंदी आहेत. एप्रिलमध्ये 'एसी गॅस, १,५०० रुपये'. मेमध्ये पुन्हा 'एसी गॅस, १,५०० रुपये'. जूनच्या पहिल्या आठवड्यात 'गॅस, १,८०० रुपये'. चौथी नोंद जूनअखेरची आहे आणि ती कॉम्प्रेसरची आहे. तिचा आकडा पहिल्या तिन्हींची बेरीज करून तिच्या तिपटीहून जास्त आहे. गाडी सहा दिवस उभी राहिली ते निराळेच. भाड्याच्या गाडीचे सहा दिवस म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी हप्ता आहे त्यांना सांगावयास नको.

दुसऱ्या एका कारागिराने जेव्हा ते यंत्र उघडले तेव्हा आतील तेल काळे पडले होते. मूळ दोष एका जोडावरील रबरी कड्याचा होता; ज्याला ओ-रिंग म्हणतात आणि जे काही रुपयांना मिळते, ते फाटले होते. आत कोणता वायू होता, असे मामांनी विचारले. तो म्हणाला, "दाबाचे आकडे कुठल्याच एका गॅसशी जुळत नाहीत. काय काय भरले होते, देवाला ठाऊक." तिन्ही वेळा गॅस भरणारे गॅरेज एकच होते. त्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी गॅरेजे या रस्त्यावर एक नव्हेत. मी मामांना म्हणालो की ग्राहक आयोगाकडे जाऊ. मामांनी तीन पावत्या माझ्यापुढे ठेवल्या आणि विचारले, "यात काय सिद्ध होतं, सांग बरं?" तिन्हींवर 'गॅस' एवढाच शब्द होता.

आता या शब्दाकडे वळू. "गॅस कम हो गया साब, डाल देतौं," हे आपल्याकडील गॅरेजातले नित्याचे वाक्य. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या नाहीत. पहिली अशी की हा वायू पेट्रोलप्रमाणे खर्च होतो. तो खर्च होत नाही. हातावर थोडे स्पिरिट ओतले की ते उडून जाताना हात गार पडतो, तेच तत्त्व येथे आहे. फरक इतकाच की येथे उडालेले स्पिरिट पुन्हा पकडून आणले जाते. कॉम्प्रेसर वायूला दाबतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, एका अरुंद झडपेतून सुटून आतील जाळीत तो उकळतो आणि उकळताना डब्यातील उष्णता शोषून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर. हे चक्र बंद आहे. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडासा झिरपतो हे मान्य; पण एका उन्हाळ्यात तीनदा वायू कमी झाला, तर त्याचा अर्थ कोठेतरी गळती आहे आणि कोणी ती शोधलेली नाही. फुटक्या घागरीत पाणी ओतणाऱ्याला आपण हसतो, आणि येथे मात्र दर खेपेला पैसे मोजतो.

दुसरी गृहीत गोष्ट अधिक घातक आहे. ती म्हणजे 'गॅस' ही एकच वस्तू आहे. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिला शीतक किंवा प्रशीतक म्हणतात. आमच्या कन्नड विभागातील मित्रांकडेही 'शीतक' हाच शब्द आहे. दोन्ही भाषांत शब्द सुंदर आहे आणि दोन्ही भाषांतील गॅरेजांत तो कोणालाच ठाऊक नाही. असो. या शीतकांना स्वतंत्र नावे आहेत. १९८० च्या दशकातील मोटारींत आर-१२ असे. हा क्लोरिन असलेला वायू. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी या जातीचे वायू शीतक म्हणून पुढे आणले, तेव्हा ते वरदान वाटले होते. त्यापूर्वीच्या शीतकपेट्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड वापरीत, आणि गळती झाली की माणसे मरत. नवा वायू जळत नव्हता, विषारी नव्हता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखविले की तो वर जाऊन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ओझोनची हानी प्रसिद्ध झाली, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८ पासून आपल्याकडे, औषधी फवाऱ्यांसारखा अपवाद सोडता, या वायूंचे उत्पादन बंद झाले.

त्याच्या जागी आला आर-१३४ए. या वायूचा आपल्या शहराशीही संबंध आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत तो तयार करण्याच्या पद्धतीवर संशोधन झाले आहे. दिलसुखनगरपासून तारनाका काही फार दूर नाही. तेथे एका रेणूसाठी शास्त्रज्ञांनी आयुष्यातील वर्षे घालवावीत आणि येथे त्याचे नावही न विचारता तो भरावा, याला काय म्हणावे? १३४ए मध्ये क्लोरिन नाही, त्यामुळे ओझोनला त्याच्यापासून भीती नाही. परंतु पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. म्हणून युरोपात २०१७ पासून सर्व नव्या मोटारींत १२३४वायएफ सारखे सौम्य शीतक घालावे लागते. भारतातील बहुतेक गाड्या अद्याप १३४ए वरच चालतात. आपल्या गाडीत कोणता आहे हे शोधण्यास तज्ज्ञ लागत नाही. बॉनेट उघडले की आत एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तीवर वायूचे नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. लहान गाडीत ते साधारण चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास असते. मामांच्या गाडीवरील ही चिठ्ठी मी त्या जूनमध्ये वाचली. तिन्ही वेळा गॅस भरताना ती तेथेच होती.

दुसरा वायू भरला तर काय बिघडते, असा प्रश्न येईल. गार तर होते ना? होय, काही दिवस होते, आणि तीच खरी अडचण आहे. उदाहरण घ्या. घरगुती एसीसाठी आर-२२ नावाचा वायू वर्षानुवर्षे वापरात आहे, तो अनेकांच्या दुकानात पडून असतो. साठ अंश उष्णतेला बंद नळीत १३४ए चा दाब सुमारे १७ बार असतो, तर आर-२२ चा २४ च्या वर. मे महिन्यात मलकपेटच्या वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या जाळीत साठ अंश ही काही नवलाची गोष्ट नव्हे. ज्या नळ्या आणि सांधे एका दाबासाठी घडविले, त्यांच्यावर जवळजवळ दीडपट दाब आला की काय होणार, हे सांगावयास अभियंता नको.

याहून सूक्ष्म गोष्ट तेलाची. कॉम्प्रेसरला वंगण लागते आणि ते वंगण वायूबरोबरच सर्व चक्रात फिरते. आर-१२ बरोबर खनिज तेल चालत असे. १३४ए मध्ये खनिज तेल मिसळत नाही. त्याला पॅग नावाचे कृत्रिम तेल लागते. तेल वायूत मिसळले नाही तर ते जाळीत कोठेतरी साचून राहते, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि धातूवर धातू घासू लागतो. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या गाड्यांत तर पॅगही चालत नाही, कारण ते विजेला पुरेसे रोखत नाही. हे सर्व बाहेरून दिसत नाही. भरणाऱ्याच्या हातात दाबाचे दोन काटे असतात. ते दाब दाखवितात, नाव दाखवीत नाहीत. आणि खरे म्हणजे वजनही दाखवीत नाहीत, कारण नळीत थोडा द्रव शिल्लक आहे तोवर दाब मुख्यतः उष्णतेवर ठरतो. काट्याकडे पाहून 'फुल हो गया' म्हणणे, हा अंदाज आहे. चारशे ग्रॅमच्या यंत्रात पन्नास ग्रॅमची चूक म्हणजे अष्टमांश! एवढी तूट कोणत्याही दुकानदाराकडून आपण साखरेत सहन करणार नाही.

नवा वायू भरण्यापूर्वी आतील हवा पंपाने पूर्ण काढावी लागते. हवेबरोबर ओल असते. ती वायू आणि तेल यांच्याशी मिळून आम्ल बनविते, किंवा झडपेच्या तोंडाशी गोठून बसते. या निर्वातासाठी वेळ लागतो आणि घाईच्या गॅरेजात नेमकी हीच पायरी गळते.

स्वस्त पर्याय म्हणून काही ठिकाणी प्रोपेन, ब्यूटेन जातीचे वायू, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचे भाऊबंद, मोटारीत भरले जातात. ते गारवा उत्तम देतात, यात खोटे नाही. गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले आणि ते पर्यावरणाच्या दृष्टीने चांगले मानले जातात. परंतु ते यंत्रच त्या वायूसाठी, त्याच्या ज्वालाग्राही स्वभावाचा विचार करून घडविलेले असते. मोटारीची आतील जाळी ही प्रवाशांच्या पायांपाशी, पंख्याच्या वाटेत असते. तेथे गळती झाली तर तो वायू बंद काचांच्या डब्यात येतो. मागे बसलेल्या माणसाने सिगारेट पेटविली तर? वायू वाईट नाही; न सांगता, न घडविलेल्या यंत्रात भरणे वाईट.

बनावट मालाचा प्रश्न तर याहून भयंकर आहे. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझील येथे बंदरांवरील शीतपेट्यांचे स्फोट होऊन तीन कामगार मेले. त्या पेट्यांत १३४ए म्हणून जो वायू भरला होता त्यात मिथाइल क्लोराइड मिसळलेले निघाले. म्हणजे तोच वायू, ज्याला शीतकपेट्यांतून हद्दपार करण्यासाठी शंभर वर्षांमागे एवढी खटपट झाली. अॅल्युमिनियमशी संयोग होऊन तो असा पदार्थ तयार करतो, जो हवा लागताच पेट घेतो. मोटारीच्या एसीच्या जाळ्या आणि कॉम्प्रेसर अॅल्युमिनियमचेच असतात.

येथे मी माझ्या शाखेकडे येतो. व्यापारी कायद्याच्या तासाला आपण सर्वांनी १९३० चा माल विक्री कायदा वाचला आहे. त्याचे पंधरावे कलम म्हणते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. सोळावे कलम म्हणते की खरेदीदाराने आपला हेतू सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या हेतूस योग्य असला पाहिजे. परीक्षेत ही कलमे आपण धडाधड लिहितो. पण वर्णनच जर 'गॅस' असेल तर कोणता माल त्याच्याशी जुळणार नाही? वर्णन जितके मोघम, तितका विक्रेता सुरक्षित. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाची गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता आणि किंमत जाणून घेण्याचा ग्राहकाचा हक्क स्पष्ट मान्य केलेला आहे. मात्र हक्क बजावण्यास कागद लागतो. माझ्या मते पावतीवरील ते दोन शब्द, नाव आणि वजन, हा या सर्व प्रकरणातील एकमेव स्वस्त उपाय आहे. नाव लिहिले की वायू बदलणाऱ्याला खोटे लेखी द्यावे लागेल. वजन लिहावयाचे म्हटले की वजनकाटा आणावा लागेल. आणि सिलिंडर काट्यावर ठेवून भरणे हीच तर योग्य पद्धत आहे. रस्त्यावरचा आंबेवाला बेनिशान तोलून देतो. गॅरेजवाल्याने तोलावे, ही मागणी अवास्तव का वाटावी?

कारागिरांची बाजू मी ऐकली नाही असे कोणी म्हणू नये. चैतन्यपुरीच्या एका गल्लीत नीट काम करणारे एक गृहस्थ आहेत, वयाने मामांएवढे. त्यांना मी हे सर्व विचारले. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला मी सांगतो की गळती शोधू, दोन-अडीच तास लागतील, खर्च एवढा येईल. तो समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतो, तिथे वीस मिनिटांत होतं. समोरचा जगतो, मी बसून राहतो. त्यांचे म्हणणे मला पटले. यात अर्धा दोष आमचा, ग्राहकांचा आहे. विशेषतः टॅक्सीवाल्यांचा, दोन तास म्हणजे दोन भाडी गेली, असा हिशेब प्रत्येक जण करतो. पण हा हिशेब वहीत पूर्ण मांडून पाहिला म्हणजे त्याचे पितळ उघडे पडते. मामांच्या त्या उन्हाळ्यातील तीन वेळच्या वीस-वीस मिनिटांची किंमत मी वर दिलीच आहे. दुसरे असे की शिकविणारा कोणी नाही. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ च्या शीतलन कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट चांगले, पण त्या चैतन्यपुरीच्या गृहस्थांनी अशा वर्गाचे नावही ऐकलेले नव्हते. ज्या दिलसुखनगरात टॅलीपासून सनदी परीक्षेपर्यंत कशाचाही वर्ग मिळतो, तेथे कारागिरासाठी आठवडाभराचा वर्ग, तोही तेलुगूत किंवा दक्खनीत, का निघू नये?

आणखी एक हिशेब सांगतो, कारण तो मला स्वतःला चकित करून गेला. पाचशे ग्रॅम १३४ए हवेत सुटला तर तो ७१५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा ठरतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो निघतो. म्हणजे एक वेळची गळती ही ३१० लिटर पेट्रोलबरोबर. पंधराच्या सरासरीने धरले तर हैदराबादहून मुंबईला तीन वेळा जाऊन यावे आणि वर पेट्रोल शिल्लक राहावे! गॅरेजच्या मागच्या बाजूला नळी सैल करून 'पुराना गॅस निकाल देतौं' म्हणतात, तेव्हा फुस्स असा आवाज येतो. तो आवाज तीन मुंबई-फेऱ्यांचा असतो.

हा प्रश्न पुढील काळात सुटणार नाही, उलट वाढेल, असे मला वाटते. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार आपल्या देशात १३४ए जातीच्या वायूंची वाढ २०२८ मध्ये गोठवावयाची आहे, २०३२ पासून कपात सुरू व्हावयाची आहे आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यावयाची आहे. करार योग्यच आहे. पण जो माल कमी होतो तो महाग होतो, आणि महाग मालाच्या जागी भलताच माल येतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राचे पहिले वर्ष पुरे. त्या वेळी रस्त्यावर १३४ए च्या लाखो जुन्या गाड्या असतील, त्यांतील पुष्कळशा टॅक्सी असतील आणि त्यांच्या शेजारी नव्या वायूच्या गाड्याही उभ्या असतील. तेव्हाही पावतीवर 'गॅस' एवढाच शब्द राहिला तर दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे भवितव्य एका अंदाजावर सोपविल्यासारखे होईल.

व्यापारी कायदा शिकविणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या, शेजारच्या वा ओळखीच्या टॅक्सीची एसीची एक पावती वर्गात आणावी. पंधराव्या कलमाच्या तासाला त्या सर्व पावत्या टेबलावर मांडू आणि किती पावत्यांवर वायूचे नाव आहे ते मोजू. मी मामांच्या तीन घेऊन येईन. आणि एक चौथी, चैतन्यपुरीच्या त्या गृहस्थांनी यंदा लिहून दिलेली. तीवर असे आहे: आर-१३४ए, ४५० ग्रॅम, गळती तपासली, निर्वात ४० मिनिटे.